मूलची वाडी: मोल्सवर्थ या आडनावाची कुळकथा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी आजोबांच्या वेळचा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे. हे आडनाव आलं कुठून? डब्लिनचे व्हायकाउंट मोल्सवर्थ, कॉर्नवॉलचे बॅरोनेट मोल्सवर्थ (हे दोन्ही विलायती खानदानी किताब) आणि आपला कोशकार हे सगळे एकाच घरातले का? सोबत विचारणाऱ्यांनी स्वतःचा एक तर्कही जोडला आहे: 'मोल' म्हणजे किंमत, इंग्रजी 'वर्थ' म्हणजेही किंमत, तेव्हा मूळ पुरुष सराफ किंवा सावकार असावा.

गेली बावीस वर्षं मी विलायती आडनावांचा आणि कंपनी सरकारच्या चाकरीत इकडे आलेल्या घराण्यांचा माग काढते आहे. आजवर कानावर आलेल्या चुकीच्या व्युत्पत्तींत ही सराफाची सगळ्यात गोड आहे. पण ती चुकीचीच. 'मोल' हा आपला शब्द तिकडच्या शेतकऱ्याला माहीत असण्याचं कारण नाही. 'वर्थ'चं म्हणाल तर जुन्या इंग्रजीत दिसायला जवळपास सारखे दोन वेगळे शब्द होते. एकाचा अर्थ मोल, किंमत. दुसऱ्याचा अर्थ कुंपण घातलेली जागा आणि मग त्या कुंपणातलं घर, वस्ती. गावांच्या नावांत येतो तो हा दुसरा. टॅमवर्थ, केनिलवर्थ, लंडनमधलं वॉन्ड्झवर्थ, सगळीकडे हेच कुंपण आहे.

आता तुमच्याच कोशात 'वाडी' काढून बघा. पहिला अर्थ दिलाय तो कुंपण घातलेल्या कुरणाचा किंवा बागायती तुकड्याचा. दुसरा, शेतकऱ्यांच्या झोपड्यांचा पुंजका, लहान खेडं. पुढे कोकणातली गावं अशा सुट्या सुट्या वाड्यांची बनलेली असतात, हेही सांगितलंय. आधी कुंपण, मग त्यातली वस्ती, मग वस्तीचं नाव: 'वर्थ' नेमका याच वाटेने गेला. कोशकाराने स्वतःच्या आडनावाचा उत्तरार्ध मराठीत इतका चोख समजावून ठेवलाय, आणि तो लिहिताना हे त्याच्या ध्यानात तरी आलं असेल का, असं मला दर वेळी वाटतं.

पूर्वार्ध 'मोल्स' म्हणजे 'मूल' नावाच्या माणसाचा. शेवटचा स हा आपला 'चा-ची-चे'. म्हणजे मोल्सवर्थ झालं 'मूलची वाडी'. हे मूल आपलं लेकरू नव्हे बरं का. जुन्या इंग्रजीत मूल म्हणजे खेचर, आणि त्यावरून मिश्र रक्ताचा माणूस. आज शिवी वाटेल, पण तेव्हा हे चांगलं राजेरजवाड्यांचं नाव होतं. वेसेक्स या जुन्या राज्याचा राजा कॅडवाला, त्याचा भाऊ मूल हा 686 च्या सुमारास केंटचा राजा झाला आणि पुढच्याच वर्षी केंटच्या लोकांनी त्याला जिवंत जाळलं. आपल्या वाडीचा मूल हा नव्हे. तो त्याच नावाचा कुणी साधा जमीनधारक असणार, ज्याचं वाडीच्या नावाखेरीज काहीच मागे राहिलं नाही. काही जण 'मोल' म्हणजे बिळं करणारा तो प्राणी असंही सांगतात. पण त्या प्राण्याला इंग्रजीत 'मोल' म्हणू लागले त्याच्या कितीतरी आधी हे गाव कागदावर आलेलं होतं.

तो कागद म्हणजे 1086 ची डूम्सडे बही. विल्यम राजाने इंग्लंड जिंकल्यावर वीस वर्षांनी सगळ्या मुलखाची जमीन, नांगर, गुरं, कुळं मोजून घेतली, तिची ही नोंद. त्यात 'मोलेसवर्दे' आहे. गाव तेव्हाच्या हंटिंग्डनशरमधलं, आता केंब्रिजशर परगण्यात मोडतं. आजही लहानसंच आहे. सेंट पीटरचं चर्च आहे, आत भिंतीवर सेंट क्रिस्तोफरचं मध्ययुगीन चित्र आहे. बाहेरच्या जगाला मात्र हे गाव माहीत आहे ते विमानतळामुळे. दुसऱ्या महायुद्धात इथून अमेरिकन बाँबफेकी विमानं उडायची. पुढे तिथे क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरलं तेव्हा निदर्शकांनी त्या माळावर तळ ठोकला. फेब्रुवारी 1985 मध्ये एका रात्रीत हजाराहून जास्त सैनिक आणून सरकारने निदर्शकांना उठवलं आणि सगळ्या माळाला कुंपण घातलं. संरक्षणमंत्री मायकेल हेसेल्टाइन अंगावर लष्करी जाकीट चढवून हजर होते. ज्या गावाच्या नावातच कुंपण आहे त्याला पुन्हा कुंपण पडलं!

गावाचं नाव माणसाला कसं चिकटलं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. चिपळूणचा माणूस चिपळुणात असेपर्यंत चिपळूणकर नसतो, तो पुण्याला आला की होतो. मोल्सवर्थ गावात कुणाला 'मोल्सवर्थचा' म्हणण्यात अर्थ नव्हता, तिथे सगळेच मोल्सवर्थचे. जो बाहेर पडला त्याला शेजारच्या परगण्यातल्या कारकुनाने लिहिलं 'वॉल्टर डी मोल्सवर्थ', आणि एकदोन शतकांत तो 'डी' गळून गेला. म्हणजे हे इंग्रजीतलं 'कर' आडनावच, फक्त शेवटच्या 'कर'शिवाय.

त्यातूनच पुढचा मुद्दा येतो. वेगवेगळ्या काळी दोन परक्या घरांतले दोघे त्याच गावातून बाहेर पडले असले, तर आडनाव एक आणि रक्त वेगळं. सगळे चिपळूणकर भाऊबंद नसतात तसं. मोल्सवर्थच्या बाबतीत दिलासा एवढाच की गाव इवलंसं आणि आडनाव विरळा, त्यामुळे धागे मुळातच मोजके. पण चेशरमध्ये मोल्ड्सवर्थ नावाचं दुसरं गाव आहे, त्याचा अर्थ टेकडीवरचं कुंपण. सोळाव्या-सतराव्या शतकातले लेखनिक कानाला येईल तसं लिहायचे, त्यामुळे एकाच माणसाची नोंद तीन स्पेलिंगांनी सापडते. चेशरकडचा कुणी मोल्ड्सवर्थ डोळे झाकून या घरात घालू नका.

सरदार घराण्यांची माहिती देणारी जुनी पुस्तकं वंशावळ सुरू करतात ती सर वॉल्टर डी मोल्सवर्थपासून. ते पहिल्या एडवर्डबरोबर धर्मयुद्धाला गेले होते असं ती सांगतात, आणि पुरावा म्हणून घराण्याच्या ढालीकडे बोट दाखवतात: लाल पार्श्वभूमी, मधे एक छोटी ढाल, भोवती आठ सोनेरी क्रूस. माझं मत विचाराल तर क्रूस बघून धर्मयुद्ध काढायचं नसतं. असे क्रूस कधी जेरुसलेमच्या दिशेला तोंडही न केलेल्या कितीतरी घरांच्या ढालींवर आहेत. एकोणिसाव्या शतकात या वंशावळी छापल्या गेल्या तेव्हा माहिती त्या त्या घराण्यानेच पुरवलेली असायची. आपल्याकडच्या कैफियतींसारखंच हे: मधला भाग बराचसा खरा, सुरुवात मात्र श्रद्धेने वाचायची.

या वंशावळींतला मला पटणारा तुकडा म्हणजे हेल्पस्टन आणि फॉदरिंगे. ही दोन्ही गावं तेव्हाच्या नॉर्थहॅम्प्टनशरची, म्हणजे मूळ गावापासून घोड्यावर दिवसभराच्या अंतरात. गावावरून पडलेलं आडनाव पहिली काही शतकं असं जवळपासच घोटाळतं, एकदम चारशे मैल उडी मारत नाही. फॉदरिंगेच्या अँथनी मोल्सवर्थने पहिल्या एलिझाबेथ राणीची इतकी खातिरदारी केली की कर्जात बुडून जमीन विकावी लागली, अशी घराण्यातली आठवण आहे. राणीचा मुक्काम पडला की यजमान धुपायचा, हे तेव्हा सर्रास होतं, म्हणून गोष्ट अशक्य वाटत नाही. जमीन गेली की धाकटे मुलगे नशीब काढायला बाहेर पडतात. दोन मोठ्या शाखा दोन टोकांना दिसतात त्या एलिझाबेथच्या काळापासून पुढेच.

पहिली कॉर्नवॉलची. जॉन मोल्सवर्थ कॉर्नवॉलच्या डचीच्या, म्हणजे युवराजाच्या जहागिरीच्या, जमिनींच्या सरकारी कामावर तिकडे गेला आणि हेंडर घराण्याच्या वारसदार मुलीशी लग्न करून बॉडमिनजवळच्या पेनकॅरो भागात रुजला. त्याच्या वंशात पुढे एकाचं पाळण्यातलं नावच हेंडर ठेवलेलं दिसतं. हा हेंडर मोल्सवर्थ जमैकात रॉयल आफ्रिकन कंपनीचा अडत्या होता, म्हणजे गुलामांच्या व्यापारात. 1684 ते 1687 तो तिथला हंगामी गव्हर्नर होता, आणि 1689 मध्ये बॅरोनेट झाला. त्याच वर्षी तो निपुत्रिक वारला आणि किताब थोरल्या भावाकडे गेला. पेनकॅरोची गढी आजही उभी आहे आणि ती बघायला जाणाऱ्यांना बाग दाखवतात, पण पहिला किताब कुठल्या धंद्यातून वर आलेल्या माणसाला मिळाला हेही वंशावळीत लिहावं, असं मी प्रत्येकाला सांगते.

याच शाखेतले सर विल्यम मोल्सवर्थ, 1810 ते 1855, संसदेतले जहाल. तत्त्वज्ञ हॉब्जचे समग्र ग्रंथ स्वतःच्या पैशाने संपादून छापणारे. कैद्यांना ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर धाडण्याच्या प्रथेची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीचे ते 1837-38 मध्ये अध्यक्ष होते. 1855 मध्ये वसाहतींचं खातं मिळालं आणि काही महिन्यांतच वारले. बागेत चिलीहून आलेलं अरॉकेरियाचं झाड लावत असताना त्यांच्या एका पाहुण्याने, चार्ल्स ऑस्टिनने, त्या काटेरी पानांना हात लावला आणि म्हणाला, हे झाड चढायचं म्हटलं तर माकडालाही कोडं पडेल. इंग्रजीत त्या झाडाला आजही 'माकडाचं कोडं' म्हणतात ते त्या दिवसापासून.

दुसरी शाखा आयर्लंडची, आणि गोष्टींच्या बाबतीत ही जास्त श्रीमंत. क्रॉमवेलच्या काळात रॉबर्ट मोल्सवर्थ डब्लिनला व्यापारात शिरला, जमिनी मिळवल्या आणि 1656 मध्ये वारला. मुलगा जन्मला तो बापाच्या मृत्यूनंतर चार दिवसांनी. त्याचंही नाव रॉबर्ट. आई जूडिथ, माहेरची बिस. हा मुलगा पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या विल्यम ऑफ ऑरेंजच्या बाजूने उभा राहिला, डेन्मार्कला वकील म्हणून गेला, परत येऊन त्या देशाच्या अनियंत्रित राजसत्तेवर सडकून पुस्तक लिहिलं, आणि 1716 मध्ये पहिला व्हायकाउंट मोल्सवर्थ झाला. 1720 मध्ये साउथ सी या व्यापारी कंपनीच्या शेअरांचा फुगा फुटला तेव्हा त्यात त्याचेही पैसे होते. संसदेत उभं राहून तो म्हणाला, रोमन लोक पितृहत्या करणाऱ्याला माकड आणि साप यांच्यासकट पोत्यात शिवून नदीत टाकत. कंपनीच्या संचालकांना तसंच थेम्समध्ये टाका. पैसे बुडालेल्या माणसाची भाषा तीनशे वर्षांत फारशी बदललेली नाही.

त्याचा मुलगा रिचर्ड 1706 मध्ये रामीयेच्या लढाईत इंग्रज सेनापती मार्लबरोच्या दिमतीचा अधिकारी होता. मार्लबरो घोड्यावरून पडला आणि शत्रूचे स्वार अंगावर येत होते, तेव्हा रिचर्डने स्वतःचा घोडा त्याला दिला. काही वेळाने मार्लबरो दुसऱ्या घोड्यावर चढताना त्याची रिकीब धरून उभ्या असलेल्या कर्नल ब्रिंगफील्डचं मुंडकं तोफेच्या गोळ्याने उडालं. रिचर्ड वाचला आणि तिसरा व्हायकाउंट झाला. त्याची मुलगी मेरी हिची कथा मात्र ऐकवत नाही. तिचं लग्न रॉबर्ट रॉचफर्टशी झालं, जो पुढे बेल्वेडियरचा अर्ल झाला. धाकट्या दिराशी संबंध असल्याचा आळ घेऊन नवऱ्याने तिला वेस्टमीथमधल्या गॉल्स्टाउनच्या घरात कोंडून ठेवलं, ते जवळजवळ तीस वर्षं. 1774 मध्ये तो मेला तेव्हा ती बाहेर आली. वंशावळीत तिच्यापुढे फक्त लग्नाचं साल असतं.

सहावा व्हायकाउंट विल्यम जॉन लंकेत लष्करी अधिकारी होता. 1815 मध्ये पत्नीसह 'आर्निस्टन' जहाजाने परत जाताना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ 30 मे रोजी जहाज फुटलं. 378 पैकी 372 माणसं बुडाली, त्यात हे दोघे. ज्या किनाऱ्यावर ते फुटलं त्या गावाचं नाव आता आर्निस्टन आहे.

ब्रिटिश घराण्यांत आईच्या किंवा आजीच्या माहेरचं आडनाव मुलाचं पहिलं किंवा मधलं नाव म्हणून ठेवायची रीत आहे. शाखा ओळखायची युक्ती तिथे आहे. मोल्सवर्थच्या आधी 'हेंडर' दिसला की कॉर्नवॉलकडे बघा. 'बिस' दिसला की आयर्लंडकडे, कारण जूडिथ बिस. 'नासाऊ' दिसला तरी आयर्लंडच, ते विल्यम ऑफ ऑरेंजच्या घराण्याचं नाव. लँकेशरमधल्या रॉचडेलचे विकर, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, जॉन एडवर्ड नासाऊ मोल्सवर्थ हे असेच आयरिश शाखेतले. त्यांचा मुलगा गिल्फर्ड, 1828 ते 1925, लंकेची रेल्वे बांधून 1871 मध्ये हिंदुस्थान सरकारचा रेल्वे सल्लागार झाला आणि 1889 पर्यंत त्या पदावर राहिला. त्याने केलेली अभियांत्रिकी सूत्रांची खिशात मावणारी वही पिढ्यान्‌पिढ्या इंजिनिअर वापरत आले. म्हणजे एकेकाळी याच देशात 'जरा मोल्सवर्थ देता का' असं म्हटलं तर इंजिनिअर एक पुस्तक पुढे करायचा आणि मराठीचा मास्तर दुसरं.

तो दुसरा मोल्सवर्थ आपला. जेम्स थॉमस, जन्म 1795, मृत्यू 1871. मुंबई इलाख्याच्या फौजेतला अधिकारी. थॉमस आणि जॉर्ज कँडी हे जुळे भाऊ मदतीला आणि शब्द गोळा करायला शास्त्रीपंडितांची मंडळी. 1831 मध्ये पहिला कोश निघाला. प्रकृती ढासळल्याने तो 1836 मध्ये मायदेशी गेला. हाती घेतलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडीने पुरा केला, 1847 मध्ये. मोल्सवर्थ 1851 मध्ये परत आला आणि 1857 मध्ये 60,000 च्या आसपास शब्दांची सुधारित दुसरी आवृत्ती काढली.

हा कुठल्या शाखेचा, हे आडनावाच्या जोरावर ठरवू नका, आणि इंटरनेटवरच्या तयार वंशवृक्षांवरून तर नकोच. माझ्याकडे एकदा एक कुटुंब दोनशे नावांचा छापील वृक्ष घेऊन आलं होतं, कुणाकडून तरी पैसे देऊन करून घेतलेला. त्यात एका मुलाचा बाप त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा होता. एका नावाच्या दोन माणसांना कुणीतरी एक करून टाकलं होतं आणि तिथून वर सगळं भलत्याच घराचं. मी पेन्सिलीने रेघ मारली तेव्हा दीडशे पूर्वज एका फटक्यात गेले. चेहरे बघवत नव्हते.

रीतसर रस्ता असा. कंपनीच्या फौजेत अधिकारी म्हणून भरती होणाऱ्या पोराला अर्जासोबत बाप्तिस्म्याचा दाखला आणि शिफारस द्यावी लागे. हे कॅडेट कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. आईबापाची नावं आणि गाव तिथून मिळतं. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू त्याच दप्तराच्या एन-3 या मालिकेत. तिथून इंग्लंडमधल्या त्या गावच्या चर्चचं रजिस्टर. ही रजिस्टरं 1538 च्या हुकमाने सुरू झाली, म्हणजे नशीब असेल तर तिथवर मागे जाता येतं. सरकारी जन्ममृत्यू नोंद 1837 पासून, नावनिशीवार खानेसुमारी 1841 पासून. आयरिश शाखेत शिरलात की मात्र कपाळाला हात लागतो: 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला दप्तरखाना जळून शतकांचे कागद राख झाले. मग जमिनीचे दस्त, खासगी पत्रं, थडग्यांवरचे मजकूर यांच्यावर भागवायचं. प्रत्येक पायरीला एक कागद. कागद नसेल तर तिथे थांबायचं.

जाता जाता एक गंमत. डब्लिनमध्ये मोल्सवर्थ स्ट्रीट जिथे संपतो त्याच्या समोरच लेन्स्टर हाउस, म्हणजे आयर्लंडची संसद. न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्येही मोल्सवर्थ स्ट्रीट आहे आणि त्यावर न्यूझीलंडची संसद उभी आहे. पहिल्या रस्त्याला नाव आयरिश शाखेचं, दुसऱ्याला कॉर्नवॉलच्या सर विल्यमचं.

आता तुमच्या घरच्या प्रतीचं. मुखपृष्ठ गेलेलं असलं तरी आतलं नावाचं पान शोधा. मराठीचं इंग्रजी स्पेलिंग 'मुराठी' असं यु घालून, शेवटी दोन ई लावून छापलं असेल तर ती 1831 ची, जपून ठेवा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत मुळीच घालू नका, कागद घामेजतो. आजच्यासारखं स्पेलिंग असेल तर 1857 ची किंवा तिच्यावरून काढलेली. पुण्याचं शुभदा-सारस्वत हे नाव दिसलं तर ती 1975 ची किंवा नंतरची, रोज वापरा. आणि कोऱ्या पानावर आजोबांच्या आधीच्या कुणाची सही असेल तर तिचा फोटो काढून ठेवा. तुमच्या स्वतःच्या घराण्याचा शोध कदाचित तिथून सुरू होईल.